गोचिडीचं स्पॉट-ऑन आणि तिसऱ्या दिवशी उठलेला चट्टा : एका बीगलचं प्रकरण

पुण्यातलं तळमजल्यावरचं घर, मागे गवत वाढलेला मोकळा प्लॉट. कुत्रा बीगल, नर, वय चार वर्षं, वजन १३.२ किलो. घरात एक मांजरही आहे. जुलै महिना, हवा दमट, गोचिडी जोरात. तक्रार एका वाक्याची: "डॉक्टर, पाठीवर गोचिडीचं औषध टाकलं आणि ह्याला ॲलर्जी आली." दवाखान्यात वरचेवर येणाऱ्या अशा तक्रारींच्या तपशिलांवरून हे प्रकरण बेतलं आहे. त्यातून कुठलंही एक घर ओळखू येणार नाही.

स्पॉट-ऑन म्हणजे कातडीवर एका जागी टाकायचं थेंबांचं औषध. ते टाकल्यावर कातडीवर जे काही उठतं, ते दर वेळी एकाच कारणाने उठत नाही. औषध टाकल्यापासून किती तासांनी उठलं आणि अंगावर नेमकं कुठे उठलं, हे दोन प्रश्न नीट विचारले तर निम्मं निदान तिथेच होतं. उपचार त्यावर ठरतात, आणि पुढे या कुत्र्याला गोचिडीसाठी काय द्यायचं हेही त्यावरच ठरतं. म्हणून इथे क्रम जरा बारकाईने दिला आहे.

काय घडलं

रविवारी सकाळी शाम्पूने आंघोळ. त्याच संध्याकाळी फिप्रोनिल आणि मेथोप्रीन ही कीटकनाशकं असलेलं स्पॉट-ऑन टाकलं. १० ते २० किलोच्या कुत्र्यांसाठीची १.३४ मिलीची पिपेट (औषधाची छोटी नळी), सगळी एकाच जागी, मानेच्या खाली दोन्ही खांद्यांच्या मधोमध. या औषधात फिप्रोनिल साधारण १० टक्के असतं, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर सुमारे १३४ मिग्रॅ गेलं. किलोमागे हे १० मिग्रॅच्या आसपास येतं. माप बरोबर होतं. खोका आणि रिकामी पिपेट घरच्यांनी सोबत आणली होती, त्यामुळे हे सगळं अंदाजाने नाही तर वाचून कळलं. असा कुत्रा दवाखान्यात नेताना खोका बरोबर नेणं फार मोलाचं ठरतं.

सोमवारी दिवसभर काही नाही. खाणं, फिरणं, झोप नेहमीसारखी. मंगळवारी सकाळी, म्हणजे साधारण ३६ तासांनी, कुत्रा भिंतीला मान घासू लागला. मग फरशीवर उताणा पडून पाठ रगडू लागला. केस बाजूला करून पाहिलं तर कातडी लाल. घरच्यांनी आधी गरम पाण्यात जंतुनाशक द्रव टाकून ती जागा धुतली आणि दुपारी खोबरेल तेलात हळद कालवून चोळली. संध्याकाळपर्यंत लाली खाली डाव्या बाजूला उतरली आणि त्यातून लस येऊ लागली. बुधवारी सकाळी दवाखाना.

मागचा इतिहास विचारला तेव्हा कामाची गोष्ट निघाली. हेच स्पॉट-ऑन मे आणि जूनमध्येही टाकलं होतं. मे महिन्यात काहीच झालं नाही. जूनमध्ये दोन दिवस मान थोडी खाजवत होता, पण पावसाळा सुरू झाल्यामुळे असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी फिप्रोनिलचाच ०.२५ टक्क्यांचा स्प्रे दोनदा मारला होता, तेव्हाही काही त्रास नव्हता.

तपासणीत काय दिसलं

ताप १०१.८ अंश फॅरनहाइट, म्हणजे कुत्र्यासाठी नॉर्मल. हिरड्या गुलाबी. तोंड सुजलेलं नाही, अंगावर गांधी नाहीत, उलटी-जुलाब नाहीत. कानाच्या आत आणि पायाच्या बोटांमध्ये मिळून तीन गोचिडी सापडल्या. टाकून तीनच दिवस झाले होते आणि तेलाने औषधाचं पसरणंही बिघडलं होतं, त्यामुळे यात आश्चर्य नव्हतं.

चट्टा खांद्यांच्या मध्ये, साधारण ९ बाय ६ सेंमी. मधोमध कातडी ओली, केस लसेने चिकटून त्यांचे झुपके झालेले. झुपके कात्रीने उचलून कापल्यावर खाली एक-दोन मिमीचे लाल उंचवटे दाट दिसले. कडा स्पष्ट नव्हत्या, लाली हळूहळू विरत नेहमीच्या कातडीत मिसळत होती. डाव्या बाजूला मात्र बोटभर रुंदीचा एक लाल पट्टा खाली उतरला होता, बरोबर जिथवर हळदीचा पिवळा डाग होता तिथवर. औषध तेलात सहज मिसळतं. कातडीवर राहिलेलं औषध तेलाबरोबर खाली नेलं गेलं आणि चोळण्याने कातडीत अजून मुरलं, असाच त्या पट्ट्याचा अर्थ लागतो.

हा नेहमीचा हॉट स्पॉट, म्हणजे कुत्र्याने स्वतः चाटून-ओरबाडून केलेला ओला चट्टा, का नाही? हॉट स्पॉट बहुतेक वेळा गालाशी, कानाखाली किंवा कमरेवर होतो, जिथे तोंड किंवा नखं सहज पोचतात. स्पॉट-ऑनची जागा तर कुत्र्याला चाटता येऊ नये म्हणूनच निवडलेली असते. पिसवांची ॲलर्जी का नाही? ती शेपटीच्या मुळाशी, कमरेवर आणि मांड्यांच्या मागे दिसते, आणि इथे तो सगळा भाग स्वच्छ होता. कातडी खरवडून पाहिलं, माइट (कातडीतले सूक्ष्म किडे) सापडले नाहीत. काचपट्टीवर लस घेऊन पाहिली तर पांढऱ्या पेशी भरपूर आणि जंतू अगदी तुरळक. जंतुसंसर्ग अजून रुजला नव्हता, तेव्हा तोंडावाटे अँटिबायोटिक लागलं नाही. या टप्प्यावर सरसकट अँटिबायोटिक सुरू करण्याची सवय सोडायला हवी. काचपट्टी पाहायला पाच मिनिटं पुरतात.

वेळेवरून काय कळतं

थेंब टाकल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत कुत्रा अस्वस्थ झाला, मागे वळून पाहतो, जमिनीवर लोळतो, पण कातडी जवळजवळ ठीक दिसते, आणि औषधात परमेथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड (कीटकनाशकांचा एक गट) आहे, तर ती मज्जातंतूंची झिणझिण असते. औषध धुऊन काढलं आणि त्या जागी व्हिटॅमिन ई तेल लावलं की ती सहसा एका दिवसात उतरते.

त्याच वेळात तोंड सुजलं, अंगभर गांधी उठल्या, उलटी किंवा जुलाब झाले, कुत्रा गळून बसला, तर ती तातडीची ॲलर्जी. अशा वेळी घरी धूत बसू नये. कुत्र्यांमध्ये या तातडीच्या तीव्र ॲलर्जीचा (ॲनाफायलॅक्सिसचा) मोठा मार यकृतावर आणि आतड्यांवर बसतो. म्हणून श्वास ठीक वाटत असला, तरी अचानक उलट्या-जुलाब आणि फिकट हिरड्या दिसल्या की थेट दवाखाना गाठायचा. तिथे ॲड्रेनलिन आणि सलाइनची गरज पडू शकते.

पहिल्या काही तासांपासून दिवसभरात, बरोबर थेंबाच्या जागी, खाजेपेक्षा चुरचुर जास्त आणि कधी केस गळून कातडी पापुद्र्यासारखी झाली, तर तो सोसला न गेलेला द्रव. स्पॉट-ऑनमध्ये औषध विरघळवायला आणि कातडीवर पसरवायला डायएथिलिन ग्लायकॉल मोनोएथिल इथर, अल्कोहोल असे द्रव असतात. ओल्या, नुकत्याच शाम्पू केलेल्या किंवा ओरखडे असलेल्या कातडीला ते सहन होत नाहीत. ही ॲलर्जी नाही. असा त्रास पहिल्याच वेळीही होऊ शकतो, आणि पुढच्या वेळी कातडी धड असेल तर होणारही नाही.

खरी स्पर्शजन्य ॲलर्जी उशिरा येते, २४ ते ७२ तासांनी. आधी एकदा तरी तो पदार्थ अंगाला लागलेला असावा लागतो. पेशींनी तो ओळखून ठेवलेला असतो आणि पुढच्या भेटीला त्या चाल करून येतात. खाज प्रचंड असते आणि लाली थेंबाच्या जागेबाहेर सरकते.

याहून उशिरा येणारा एक प्रकारही लक्षात ठेवण्यासारखा आहे. मेटाफ्लुमिझोन आणि अमित्राझ ही दोन कीडनाशकं एकत्र असलेल्या एका स्पॉट-ऑननंतर काही कुत्र्यांना पेम्फिगससारखा आजार झाल्याची नोंद झाली, म्हणजे पाणी-पू भरलेले फोड आणि मग जाड खपल्या. काहींमध्ये तो थेंबाची जागा सोडून इतरत्रही पसरला. त्या औषधाचं उत्पादन २०११ मध्ये थांबलं. म्हणून खपल्या जाड असतील आणि बऱ्या होईनात, तर बायोप्सी करायला हवी. मलम बदलत बसून वेळ घालवू नये.

आता या बीगलकडे पाहू. सुरुवात ३६ तासांनी, खाज फार, कडा पसरट, आणि तिसरी खेप. त्यातही दुसऱ्या खेपेला थोडी खाज होऊन गेलेली. हे सगळं ॲलर्जीकडे झुकतं. दुसऱ्या बाजूला रविवारचीच आंघोळ आहे. शाम्पूने कातडीवरचं तेल निघून गेलं आणि बारा तासांच्या आत त्यावर औषध पडलं, म्हणजे द्रव बोचायलाही कारण होतं. हे दोन्ही प्रकार सूक्ष्मदर्शकाखालीही खूपदा सारखे दिसतात. हळद, तेल आणि जंतुनाशक यांच्यावर संशय घेता येतो, पण खाज त्यांच्या आधी सुरू झाली होती, हा क्रम घरच्यांनी ठामपणे सांगितला. निदान "संशयित ॲलर्जिक काँटॅक्ट डर्मटायटिस (स्पर्शजन्य ॲलर्जीने कातडीचा दाह), वरून घरगुती उपायांनी वाढलेला" असं लिहिलं गेलं.

उपचार

आधी केस. चट्ट्याच्या कडेपासून दोन सेंमी बाहेरपर्यंत ट्रिमरने केस काढले, कारण झुपक्यांखाली लस कोंडून राहिली की जंतू वाढतात. मग धुणं. औषध टाकून २४ ते ४८ तासांच्या आत असतं, तर भांडी घासायच्या सौम्य द्रवाने, कोमट पाण्यात, हातमोजे घालून दोन-तीनदा धुतलं असतं. तेलकट औषध नेहमीच्या डॉग शाम्पूने नीट निघत नाही. इथे मात्र तिसरा दिवस होता आणि कातडी ओली झाली होती. तिच्यावर तो द्रव टाकणं म्हणजे जळतीवर तेल. शिवाय एव्हाना फिप्रोनिल कातडीतल्या तेलग्रंथींत जाऊन बसलेलं असतं, ते धुऊन निघत नाही. म्हणून उरलेलं तेल आणि हळद तेवढी ओटमीलच्या सौम्य शाम्पूने एकदाच काढली, कोमट पाण्याने भरपूर वेळ खळबळून धुतलं आणि मऊ कापडाने टिपून कोरडं केलं. गरम पाणी टाळायचं कारण सरळ आहे: त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, खाज वाढते आणि वरचं औषधही जास्त शोषलं जातं. पाच दिवस दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने हलकं पुसणं सांगितलं.

स्टेरॉइड देण्याआधी रक्त तपासलं. गोचिडी असलेल्या कुत्र्यात ही पायरी गाळू नये. एर्लिकिया किंवा बबेसिया या गोचिडीतून पसरणाऱ्या रोगजंतूंचा संसर्ग आत दबून असेल, तर स्टेरॉइडने तो उसळू शकतो किंवा झाकला जाऊ शकतो. प्लेटलेट २,४०,००० होत्या आणि स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात) परजीवी दिसले नाहीत. मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किलोमागे ०.५ मिग्रॅच्या हिशोबाने ठरलं. ५ मिग्रॅची सव्वा गोळी, सकाळी खाण्याबरोबर, पाच दिवस. नंतर दिवसाआड तीन वेळा. या काळात तहान आणि लघवी वाढते, फरशी ओली झाली म्हणून कुत्र्याला रागावू नये. मेलॉक्सिकॅमसारखी दुखण्याची गोळी यासोबत कधीही देऊ नये, पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी द्यावी का, असं घरच्यांनी विचारलं होतं. उशिरा येणाऱ्या या ॲलर्जीत हिस्टामिनचा वाटा लहान असतो, त्यामुळे त्याचा उपयोगही थोडाच होतो. हे आकडे या एका कुत्र्याचे आहेत. दुसऱ्या कुत्र्याला डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय स्टेरॉइड देऊ नये.

गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस दिला, तोही चट्ट्याला घासणार नाही असा. मागच्या पायांनी ओरबाडू नये म्हणून दहा दिवस कोन (गळ्याभोवती घालायची शंकूसारखी कॉलर). मांजराला तितके दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं, कारण ती कुत्र्याची मान चाटते. औषध लागलेले केस चाटले की प्राणी लाळ गाळतात. हे बहुतेक वेळा द्रवाच्या कडवटपणामुळे होतं आणि थोड्या वेळात थांबतं, पण बऱ्या होत असलेल्या कातडीवर जीभ नको.

शुक्रवारपर्यंत लस थांबली. आठवड्याने कोरडी खपली, खाली गुलाबी कातडी. तीन आठवड्यांनी बारीक केस आले होते. स्टेरॉइड संपल्यावर खाज परतली नाही.

नेमकं कशाने झालं

दोन वर्षांपूर्वीच्या स्प्रेमध्येही फिप्रोनिलच होतं आणि तो सोसला होता. पण स्प्रेचा आधार आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते उडून जातं, आणि औषधाचं प्रमाण ०.२५ टक्के. स्पॉट-ऑनमध्ये तेच औषध चाळीस पट दाट, सोबत मेथोप्रीन आणि कातडीत शिरणारा वेगळा द्रव. तेव्हा संशयित तीन आहेत आणि स्प्रेच्या इतिहासामुळे फिप्रोनिलवरचा संशय कमी होतो, पण संपत नाही. अंगात ॲलर्जी नंतरही तयार होऊ शकते.

पॅच टेस्टने हे सोडवता येतं: कुशीवर केस काढून प्रत्येक घटक वेगवेगळा ४८ तास झाकून ठेवायचा आणि ४८ ते ७२ तासांनी वाचायचा. व्यवहारात ती क्वचितच होते, कारण घटक सुटे मिळत नाहीत आणि कुत्रा पट्टी ठेवू देत नाही. काही घरांत "एक थेंब कानाला लावून बघू" असं केलं जातं. ते करू नये. दर नव्या स्पर्शाने ॲलर्जी आणखी तिखट होऊ शकते.

दुकानात एक सापळा असतो. "हे चाललं नाही ना, मग ह्या कंपनीचं घ्या" म्हणून दुसरा खोका हातात दिला जातो, आणि त्यातही तेच फिप्रोनिल, तसाच द्रव. आपल्याकडे फिप्रोनिलची स्पॉट-ऑन अनेक नावांनी विकली जातात. म्हणून या कुत्र्याच्या लसीकरण कार्डावर ब्रँडच्या नावासोबत घटक, बॅच नंबर, तारीख आणि किती तासांनी त्रास झाला हे लाल शाईने लिहिलं. बॅच नंबरसह माहिती उत्पादकालाही कळवली.

अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेने (तिथे बरीचशी स्पॉट-ऑन याच संस्थेकडे नोंदली जातात) २००९ मध्ये अशा तक्रारींची छाननी सुरू केली आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात त्रास जास्त करून कातडीचे होते आणि लहान चणीचे, साधारण १० ते २० पौंडांचे कुत्रे जास्त सापडले. मोठ्या कुत्र्याची पिपेट आणून अर्धी-अर्धी दोन छोट्यांना वाटण्याची काटकसर आपल्याकडे सर्रास दिसते. पिपेटमधून अर्धं मोजता येत नाही, उरलेलं उघड्यावर उडून दाट होतं. १० किलोखालच्या कुत्र्यासाठी ०.६७ मिलीची पिपेट मिळते, तीच घ्यावी. त्याहून वाईट म्हणजे गाईम्हशींसाठीचं डेल्टामेथ्रिन किंवा फ्लुमेथ्रिन कुत्र्याच्या पाठीवर ओतणं. कातडी भाजल्यासारखी होते आणि थरथर, झटकेही येऊ शकतात.

पुढे गोचिडीसाठी काय

घरात मांजर असल्यामुळे परमेथ्रिनचं कुठलंही स्पॉट-ऑन पहिल्याच फटक्यात बाद. मांजराचं यकृत परमेथ्रिन नीट मोडू शकत नाही. कुत्र्याच्या अंगाला अंग घासल्यानेही तिला झटके येऊ शकतात. अमित्राझचं पाणी अंगावर ओतणं हाही पर्याय नको, कारण कातडी नुकती सावरली आहे.

म्हणून तोंडावाटे. आयसोऑक्सॅझोलिन गटातल्या गोचिडीच्या गोळ्या कातडीला लागतच नाहीत. पण अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) सप्टेंबर २०१८ मध्ये या गटाबद्दल झटके, थरथर आणि तोल जाणं यांचा इशारा दिला आहे, आणि बीगल ही फिट्स येण्याकडे कल असलेली जात. त्यामुळे आधी एकच प्रश्न: याला किंवा याच्या भावंडांना कधी फिट आली आहे का? उत्तर नाही असं आल्यावर याच गटातल्या अफॉक्सोलॅनरची ६८ मिग्रॅची चघळायची गोळी ठरली. १३.२ किलोला ती किलोमागे ५ मिग्रॅच्या आसपास पडते. त्याच गटातलं, बारा आठवडे टिकणारं फ्लुरालॅनरही चाललं असतं, पण नाजूक इतिहास असलेल्या कुत्र्याला पहिल्यांदा महिनाभराचंच द्यावं, हा सावधपणा इथे योग्य वाटतो. गोळीला मांसाची चव असते, खाण्याची ॲलर्जी असेल तर तेही आधी विचारावं. पहिली गोळी स्टेरॉइड संपल्यावर आठवड्याने दिली, म्हणजे नवीन काही उठलं तर ते कशाचं हे कळेल. तोवर रोज संध्याकाळी कान, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखाली हात फिरवून चिमट्याने गोचिडी काढल्या: कातडीलगत पकडायचं, सरळ ओढायचं, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचं. बोटाने चिरडायचं नाही, रॉकेल लावायचं नाही.

आणि घर. इथली तपकिरी गोचीड रक्त पिऊन झालं की कुत्र्यावरून उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत अंडी घालते. एक मादी दोन-चार हजार अंडी सहज घालते. या घरात कुत्र्याच्या चटईमागच्या भिंतीला स्कर्टिंगच्या वर बोट मावेल अशी भेग होती. त्यात टॉर्च मारल्यावर बारक्या गोचिडी दिसल्या. भेग सिमेंटने बुजवली, चटई फेकली, अंथरूण ६० अंशांच्या पाण्यात धुतलं. मागच्या प्लॉटवरचं गवत कुंपणापासून दीड मीटर कापलं. मांजरासाठी मांजराच्याच मापाचं वेगळं औषध, तेही कुत्र्यापासून दोन दिवस लांब ठेवून, कारण तिच्या मानेवरचं फिप्रोनिल आता या बीगलच्या नाकाला लागलं तरी पुन्हा चट्टा उठू शकतो.